सतराव्या ओळीचं कणीस

पुणे,
१४ नोव्हेंबर १९३५

ति. सौ. अंबुमावशीस पंचाक्षरीचा शरणार्थ.

मावशी, उभ्यानं वाचत असशील तर आधी खाली बस. चुलीवर काही असेल तर उतरव. हं, आता ऐक. मी कदाचित विलायतेला जाणार!

मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी एक निधी काढलाय. त्यातून दरसाल एकच विद्यार्थी लंडनला पाठवायचा आणि त्यानं पीएच.डी. होऊन यायचं. म्हणजे काय, तर जगात अजून कुणालाच ठाऊक नाही अशी एक गोष्ट शोधून काढायची, तिच्यावर जाडजूड प्रबंध लिहायचा, आणि पंडितांनी माना डोलावल्या की नावामागं डॉक्टर लागतं. विषय कुठलाही चालतो, हीच तर खरी गंमत! वसतिगृहात सध्या कुणाचं जेवणाकडं लक्ष नाही, जो तो विषय निवडतोय. नगरचा एकजण कापडाच्या पक्क्या रंगांचं रसायन घेतोय. दुसऱ्याला बहामनी शिलालेख वाचायचेत. तिसरा अर्थशास्त्रवाला, तो हातमाग आणि गिरणीचं भांडण घेऊन बसलाय. आणि एकाला, हसू नकोस, बेडकाच्या काळजाचे ठोके मोजायचेत. मी स्वतः परवा सकाळी इतिहासाचा होतो, दुपारी रसायनाचा झालो आणि रात्री झोपताना बेडकाचा विचार करत होतो.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. अरे, आपली ज्वारी! काकांनी वळसंगच्या शेतात बांधाकडचा तुकडा मला दिलाय, तिथं मालदांडी आणि गूळभेंडीचा संकर करून मी तीन हंगाम ओळी लावतोय, तोच माझा विषय. मालदांडीचा दणकटपणा आणि गूळभेंडीचा मऊ दाणा एकाच ताटात आला तर? अर्ज धाडलाय.

पंचविशी उलटली की हा अर्ज करता येत नाही आणि मी चैत्रात पंचवीस पुरा करतो. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मग आहेच काकांनी ठरवलेली गिरणीतली कारकुनी.  सिद्धरामेश्वराला एक नारळ बोल.

तुझा
पंचाक्षरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२१ नोव्हेंबर १९३५

चि. पंचाक्षरीस अंबुमावशीचा उदंड आशीर्वाद.

तुजं पत्र बसून वाचलं, मग उटून वाचलं, मग तुज्या काकास्नी वाचून दाखवलं. ते म्हनले, "ज्वारी बगाया लंडनला कशाला जायाचं? तितं ज्वारी हाय का?" मी म्हनलं, न्हाय म्हनूनच त्यांना हवी असंल की!

आता सगळ्या पेठेला कळलंय आन जो त्यो तुला इषय सुचवतोय. गैबीसाब टांगेवाला म्हनतो, घोडा ऐन चढावर का अडतो ह्येच्यावर शोध लावा, सरकार जहागीर दील. काकांचं म्हननं, रंगाचं शिक्षान घे, गिरनीवालं पायघड्या घालतील. मी म्हनते, आमटीला कट येकदा येतो आन येकदा का येत न्हाय, ह्ये कुनी शोदलंय का? जगात कुनालाच ठावं न्हाय ते हेच की.

फकस्त केराबाईनं नाक मुरडलं. आडावर पानी भरताना सगळ्या बायांसमोर म्हनली, "नोकरी गावंना म्हंजे संशोधन." मला लई राग आला, पन मी तिच्याशी बोलत न्हाय. तुला ठावं हाय, तिनं माजा वरवंटा नेला आन चिरलेला आनून दिला. वर म्हनते, आदीच चिरलेला व्हता! अरं, माज्या सासूच्या हातचा वरवंटा. तवापसनं तिची सावली मी वलांडत न्हाय.

तू काळजी करू नगंस. आईमागं तुला मी वाढवलंय, लंडनला बी मीच पाटवीन. नारळ एक न्हाय, पाच बोलले.

तुजी
मावशी


पुणे,
६ जानेवारी १९३६

ति. मावशीस शरणार्थ.

बातम्या दोन आहेत. चांगली आधी. शेवटच्या निवडीत माझं नाव आलंय! बेडूकवाला गळाला, शिलालेखवाला गळाला, हातमागवालाही गळाला. आता मी आणि तो रंगवाला, दोघंच उरलो.

वाईट अशी, की मला कांजिण्या आल्यात. कडुलिंबाच्या पाल्यावर पडून हे लिहितोय, नाकावर सुद्धा फोड आहे. डॉक्टरांनी खोलीबाहेर पाऊल टाकायची बंदी केलीय. आणि नेमके आत्ताच निवड करणारे प्रोफेसर खंबाटा माझी ज्वारी बघायला येतायत! येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं सोलापूर. म्हातारे पारशी गृहस्थ आहेत, वनस्पतिशास्त्रातले मोठे विद्वान, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांच्यासमोर भले भले तोतरे होतात.

तर मावशी, आता सगळं तुझ्या हातात. गैबीसाबच्या टांग्यातून त्यांना वळसंगला ने. डिसेंबरात येऊन मी ज्या कणसांवर मलमलीच्या पिशव्या बांधून गेलो, ती त्यांना दाखव. आठवतं ना, पाखराला चोच लावू द्यायची नाही म्हणून तुला बजावलं होतं? त्या पिशव्यांवर ओळींचे नंबर आहेत. बाकीचं शेत नाही बघितलं तरी चालेल, साहेब येणार ते फक्त पिशव्यांतल्या कणसांसाठी. आदरातिथ्यात काही कमी पडू देऊ नकोस. माझी सगळी विद्या त्या पिशव्यांत आहे.

खाजवायचं नाही म्हणून हात बांधून ठेवतो आता.

तुझा
फोडमय पंचाक्षरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ जानेवारी १९३६

चि. पंचाक्षरीस आशीर्वाद आन तिळगूळ. गोड बोल.

पोरा, जिकलास! सायेब खूश होऊन गेला, काय सांगू तुला!

म्या पहाटंच वळसंगला जाऊन आगटी पेटवली. गवऱ्यांचा आर मस्त फुलला. तू पिशव्या बांधून राखल्यालं कनीस म्हंजे काय साधं असनार व्हय? बगितलं तर दाना कसा, ऐन हुरड्यात आल्याला, दुदानं भरल्याला. दोन पिशव्या संक्रांतीच्या सुगडासाटी काढल्या, आन बाकीची कनसं सायेब यायच्या आत खुडून पिशव्यांसकट आगटीपाशी मांडून ठिवली. टांग्याची घुंगरं वाजली तशी निम्मी आरात घातली. गरमच चोळून दिली पायजेत ना!

सायेब आला. टोपी काडली, आगटीकडं बगितलं, पिशव्यांच्या ढिगाकडं बगितलं, आन टोपीनं सोतालाच वारा घालाया लागला. मला वाटलं उनानं चक्कर आली. मग म्हनला, "बाई, आ सगला भाज्यू?" मी म्हनलं, न्हाय सायेब, निम्मं कच्चं हाय, तुमी बसा की! तर मांडीच घालून बसला बग पोत्यावर. काकांनी हुरडा चोळून दिला. संगट शेंगाची चटनी, दही, गूळ. सायेब लई शिकल्याला दिसतो, दर कनसाची पिशवी आदी वाचायचा, मगच खायाचा. मधी मधी वहीत लिवायचा. येका कनसाला तर डोळं मिटून बसला. म्हनला, "आ हजी हाय के?" म्हंजे, ह्ये अजून हाय का. मी इचारलं, कुटलं? तर पिशवी दाखवली. ते संपलं व्हतं. मग बाकीचं समदं भाजलं. गैबीसाबनं बी खाल्लं, आजूबाजूच्या शेतातली बी आली. येक दाना उरला न्हाय, पाखराला बी चोच लावू दिली न्हाय.

सुगडासाटी काडल्याली दोन कनसं पिशवीसकट वान म्हनून दिली. येक शेजारच्या फुलाबाईला, आन दुसरं, तू हसशील, केराबाईला. संक्रांतीला गोड बोलाया लागतं, काय करू! तिच्या उंबऱ्यात ठिवलं आन काय न बोलता माघारी आले.

आता तू लंडनची तयारी कर. लोकरीचं काय काय लागंल त्ये कळीव.

मावशी


पुणे,
१८ जानेवारी १९३६

मावशी,

तू माझा प्रबंध भाजलास.

त्या पिशव्या पाखरांसाठी नव्हत्या, पाहुण्यांसाठी तर नव्हत्याच! शेजारच्या ताटाचा पराग उडून येऊन बी भेसळ होऊ नये म्हणून बांधल्या होत्या. प्रत्येक ओळीचं शुद्ध बी त्यात पिकायचं होतं. तीन हंगाम, मावशी! मी दांडा मोजला, पानं मोजली, कणसाची वीत घेतली, आणि तुम्ही सगळ्यांनी ते दह्याबरोबर खाल्लं. आणि साहेब! परीक्षकालाच खाऊ घातलंस! दाखव म्हटलं होतं ना मी, दाखव!

संपलं सगळं. काकांना म्हणावं, कारकुनीची जागा धरून ठेवा.

पंचाक्षरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२१ जानेवारी १९३६

चि. पंचाक्षरीस,

पत्र वाचल्यापसनं माज्या तोंडात पान्याचा थेंब गेला न्हाय. काका बी जेवले न्हाईत. आगटीची जागा डोळ्यापुढनं हलत न्हाय. माज्या हातानं माज्या पोराचं नुकसान केलं, ह्येच्यापरास हात मोडला असता तर बरं.

पन येक सांगू? रागावू नगंस. पावन्याला कनीस दाखवायचं आन पुन्ना झाकून ठिवायचं, ह्ये कुटल्या घरात शोभतं रं? तुला तुज्या कालिजात शिकवलं असंल, मला कुनी शिकवलं न्हाय. पराग बिराग आदी सांगायचा व्हता. पिशवी बांधून राखल्याली वस्तू पावन्याचीच असती, ह्ये आमी लहानपनापसनं बगतोय.

मार मला. पन कारकुनी नगं. मी सायबाच्या पाया पडाया मुंबईला जाते.

मावशी


पुणे,
२४ जानेवारी १९३६

ति. मावशी,

पाया पडू नकोस, मुंबईला जाऊ नकोस, आधी जेव! आणि माझं ते पत्र आगटीत टाक. तुझ्या तोंडाला पाणी नाही हे वाचून मलाच माझी लाज वाटली.

ऐक. काल प्रोफेसर खंबाटा हैद्राबादेहून परतताना पुण्याला उतरले आणि थेट माझ्या खोलीशी आले! दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, मी आत, मध्ये उघडं दार. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, "अरे बाबा, बंद कर. मी पोचला तेव्हा अर्धा प्रबंध भाजेला. भाजेला प्रबंध वाचायचा कसा? मग मी खाऊन वाचला!"

नंतर वही उघडली. मावशी, ते नुसते खात नव्हते! प्रत्येक पिशवीचा नंबर आणि पुढं चव, सगळं लिहिलेलं. कुठलं पिठूळ, कुठलं सोलायला अवघड. मग एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "सत्रा नंबर कसा लागतो?" मी सांगितलं, दांडा असा, पान असं, कणीस एवढं. म्हणाले, "ते नाही. तोंडात कसा लागतो?"

 तीन हंगामांत मी त्यातला एक दाणा चाखला नाही, बी म्हणून जपत राहिलो. हे कबूल केलं तर म्हातारा असा हसला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. "हुरडाच्या मुलखातला मानस, आणि चव नाय मोजली!" मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, उंची नि वजन सगळं जग मोजतंय. पण सतरा नंबरात मालदांडीचा दणकटपणा असून साखरेसारखा गोडवा आहे. हा गोडवा आईकडून आला की बापाकडून, पुढच्या पिढीत टिकतो की जातो, हे कुणालाच ठाऊक नाही. असा विषय रंगवाल्याकडं नाही. "मला सत्राचा बी आणून दे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. बी असेल तर तू लंडनला जाशील. नसेल तर नुसती गोष्ट राहील."

मावशी, सतराव्या ओळीचं एखादं कणीस कुठं उरलंय का? फुलाबाई? केराबाई? शोध, माझी आई!

पंचाक्षरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
३१ जानेवारी १९३६

चि. पंचाक्षरीस,

सोबत रजिष्टर पारसल हाय. आदी हुंगू नगंस, आदी पत्र वाच.

तुजं पत्र आल्याबरुबर चपला न घालताच फुलाबाईकडं पळाले. तिच्या नातवंडांनी कनीस त्याच दिवशी खाल्लं. पिशवी उरली व्हती, तिच्यावर नऊ नंबर. मग मागं राहिली कोन, तर केराबाई! देवा, तुला दुसरं घर गावलं न्हाय?

बरं, दिल्यालं वान परत मागायचं कसं? मेले तरी तोंड उघडना. दोन दिवस तिच्या दारावरनं पान्याची घागर घेऊन गेले आन आले. घरात येवढं पानी झालं का काका म्हनले, आता हौद बांदू का? शेवटी रथसप्तमीला तिच्या घरी हळदीकुकू व्हतं. मला बोलावनं न्हवतंच. तशीच गेले.

 केराबाई हळदीची वाटी धरून हुबी. मी म्हनलं, केरे, म्या दिल्यालं कनीस काय केलंस? तर ती फनकाऱ्यानं म्हनली, "तुज्या घरचं मी तोंडात घालनार व्हय? पडलंय की खुटीला, पिशवीसकट!" पोरा, मला तिला मिठीच मारावी वाटली. भांडान न्हसतं तर तिनं बी खाल्लं असतं! पिशवीवर सतरा. दाना वाळला व्हता, पन टपोरा.

मी म्हनलं, माज्या पोराचं लंडन तुज्या खुटीला टांगलंय बाई. सगळं सांगितलं, आगटीपसनं. बाया हसून हसून लोळल्या. केराबाई न्हाय हसली. म्हनली, "वान परत द्यायचं नसतं. पन आज माज्या घरी हळदीकुकू हाय, तुला कायतरी लुटाया पायजेच." कनीस खाली काडलं, त्याला हळदकुकू लावलं, आन माज्या वटीत घालताना हात मागं घेतला. "आदी म्हन," म्हनली, "वरवंटा आदीच चिरलेला व्हता."

समद्या बायांसमोर!

म्हनले रं. तुज्यासाटी म्हनले. धादांत खोटं बोलले, पन गोड बोलले.

हळदीकुकू पुसू नगंस, सायबाला तसंच दाखीव. आन आता ह्ये कनीस कुनी चोळाया लागलं तर त्येचा हात धर.

मावशी


लंडन,
१८ नोव्हेंबर १९३६

ति. सौ. अंबुमावशी व ति. काकांस पंचाक्षरीचा शरणार्थ.

इथं दुपारी दिवे लावतात, डाळ म्हणून जे देतात ते बघून तुला रडू येईल, पण माझ्या खोलीपासून काचघरापर्यंत मी रोज उड्या मारत जातो. कारण सतरा नंबर रुजलाय! हिरव्यात खुडलेला दाणा, तेव्हा बरेच कुजले, पण उरलेल्यांनी कोंब काढले. माझे इथले प्रोफेसर सकाळी आधी त्या कुंड्यांना भेटतात, मग मला. हळदीचा डाग लागलेली पिशवी मी काचेच्या कपाटात ठेवलीय. ती कसली म्हणून विचारलं तर सांगतो, माझं प्रवेशपत्र.

निम्मं बी काकांकडं ठेवलं होतं, ते वळसंगला पेरलंत ना? पिशव्या बांधल्यात ना? आणि मावशी, आता ठाऊक आहे ना, पिशव्या कशासाठी?

एकच फजिती. परवा भर सभेत एका म्हाताऱ्या विद्वानानं विचारलं, "हे खायला लागतं तरी कसं?" मला पुन्हा कबूल करावं लागलं, चाखलेलं नाही. खंबाटा साहेबांनी खाल्लंय, गैबीसाबनं खाल्लंय, अख्ख्या वळसंगनं खाल्लंय. फक्त डॉक्टर होणाऱ्यानं नाही! आणि इथं तर एकेक दाणा बी म्हणून मोजून ठेवायचा.

तुझा
पंचाक्षरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२० जानेवारी १९३७

चि. पंचाक्षरीस मावशीचा आशीर्वाद, तिळगूळ पारसलात हाय.

वळसंगला सतरा नंबर छातीयेवढा झाला आन वर गेला. पिशव्या काकांनी आन मी बांदल्या, तू चिठ्ठीत लिवल्याप्रमानं. पाळीपाळीनं राखन बसतो, येक दिवस मी, येक दिवस केराबाई. व्हय, केराबाई! तिला आता त्येचा लई अभिमान. आडावर सांगती, "आमच्या खुटीवरचं बी विलायतेला हाय." परवा बांधावर भाकरी खाताना आपसूक म्हनली, "अंबे, त्यो वरवंटा माज्याच हातनं पडला व्हता गं." मी म्हनलं, न्हाय बाई, आदीच चिरलेला व्हता.

भोगीच्या आदल्या दिवशी खंबाटा सायेब पुन्ना आला. म्हातारा लांबनंच हात चोळत आला बग, चटनीचा वास आल्याला त्येला. मी पिशवी सोडून कनीस दाखवलं. आन पुन्ना झाकून ठिवलं. जल्मात पयल्यांदा पावन्याला असं केलं, माजी मान वर हुईना. सायेब मातर टोपी काडून म्हनला, "बाई, आता तू शास्त्री जाली." त्याला बिनपिशवीचा गूळभेंडीचा हुरडा दिला, पोटभर खाऊन गेला.

पन समदी कनसं न्हाय झाकली. आता बी भरपूर हुतंय, काकांना इचारून येक काडलं. आगटीत भाजलं, चोळलं, कुनाला येक दाना दिला न्हाय. केराबाईनं हात फुडं केला तर तिचा बी हात धरला. मग सावलीत वाळवलं. वाळला हुरडा वरीसभर टिकतो, लंडनपतोर का टिकू नये? तिळगुळाच्या डब्यात खाली हाय, मलमलीच्या पिशवीत. वर सतरा नंबर म्याच घातलाय, वाकडा आलाय.

कोमट पान्यात भिजवून खा. पेरू नगंस, मोजू नगंस, लिवू नगंस. आदी खा.

आन मग त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग, कसा लागतो ते.

तुजी
मावशी